शहराबाहेरचा मोठा बाजार

बाजार कोठे असावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यापाऱ्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो साऱ्या गावाचा असतो. माणसे कोणत्या वाटेने जातील, रोजगार कोठे मिळेल, कोणती जमीन महाग होईल आणि कोणत्या रस्त्यावर गर्दी होईल, हे बाजाराच्या जागेवर अवलंबून असते.

बंगळूर शहराची रचना पाहिली म्हणजे ही गोष्ट सहज लक्षात येते. इ. स. १५३७ मध्ये केंपेगौडा यांनी वसवलेल्या या नगरात व्यवसायांनुसार पेठा होत्या. अक्कीपेट म्हणजे तांदळाची पेठ, रागीपेट म्हणजे नाचणीची पेठ आणि बळेपेट म्हणजे बांगड्यांची पेठ. कन्नडमधील ‘पेटे’ आणि आपली ‘पेठ’ हे शब्द सख्ख्या भावंडांसारखे आहेत. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत होते, तेव्हाही त्याचा प्राण या पेठांतच होता. घर, दुकान आणि कारखाना एकमेकांना लागून असत. बाजारात जाण्यासाठी वाहन लागत नसे.

बाजार शहराबाहेर का जातो?

शहर वाढले, मोटारी वाढल्या आणि मध्यवर्ती भागातील जागा महाग झाली. एकाच छपराखाली किराणा, भाजी, कपडे आणि भांडी विकणाऱ्या दुकानाला विस्तीर्ण जागा लागते. मालमोटारींसाठी रुंद रस्ता आणि ग्राहकांच्या मोटारींसाठी वाहनतळ लागतो. अशी जागा शहराच्या कडेला मिळते. फ्रान्समध्ये १९६३ साली पॅरिसजवळच्या एका उपनगरात या प्रकारचे पहिले महादुकान उघडले. पुढे जगभर तोच मार्ग अनेकांनी अवलंबिला.

बंगळूरमध्ये २००३ साली मेट्रो या जर्मन कंपनीने यशवंतपूर आणि कनकपुरा रस्ता येथे दोन मोठी घाऊक दुकाने सुरू केली. भारतातील ही तिची पहिली दुकाने होत. येथे सामान्य ग्राहकाला नव्हे, तर नोंदणीकृत दुकानदार, उपाहारगृहे आणि संस्था यांना माल विकायचा, असा नियम होता. तरीही घाऊक कोठे संपते आणि किरकोळ कोठे सुरू होते, या मुद्द्यावर स्थानिक व्यापाऱ्यांनी वाद उपस्थित केला. या कंपनीचा भारतातील व्यवसाय २०२३ मध्ये रिलायन्स समूहाकडे गेला. जून २०२२ मध्ये तुमकूर रस्त्यावर नागसंद्र येथे आयकिया या स्वीडिश कंपनीचे घरसामानाचे प्रचंड दुकान उघडले. ते मेट्रो रेल्वेच्या स्थानकालगत आहे. म्हणून मोटार नसलेल्या माणसालाही तेथे पोहोचता येते. मोठ्या दुकानाला परवानगी देताना केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच प्रश्न नसतो. ते नेमके कोठे व्हावे, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न असतो.

निर्णय कसा होतो?

जमीन मालकाची असली, तरी तिचा वापर कसा करावा हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार मालकाला नसतो. कर्नाटकात १९६१ चा नगर व ग्रामनियोजन कायदा लागू आहे. या कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा तयार केला जातो. त्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक, उद्याने व शेती असे विभाग वेगवेगळ्या रंगांनी दाखवलेले असतात. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूर विकास प्राधिकरणाने अनेक वर्षे हे काम केले. २०१५ सालापर्यंतचा विचार करणाऱ्या सुधारित आराखड्याला २००७ मध्ये मंजुरी मिळाली.

एखाद्या कंपनीने निवडलेली जागा आराखड्यात व्यापारी विभागात असेल, तर इमारतीचा नकाशा नियमांनुसार आहे की नाही, एवढेच मुख्यतः तपासले जाते. जागा निवासी किंवा शेती विभागात असेल, तर जमिनीच्या वापरात बदल करून घ्यावा लागतो. असा बदल सार्वजनिक हिताचा असला पाहिजे आणि वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवल्या पाहिजेत, असे १९६१ चा कायदा सांगतो. हरकतीसाठी किमान पंधरा दिवसांची मुदत असते. शेतजमीन बिगरशेती करण्याचे नियम १९६४ च्या कर्नाटक भूमहसूल कायद्यात आहेत.

शहराची हद्द ओलांडली की कारभारही बदलतो. नेलमंगल, होसकोटे, कनकपुरा अशा भागांसाठी स्वतंत्र नियोजन प्राधिकरणे आहेत. त्यामुळे एक अडचण उद्भवते. दुकानाला परवानगी एका कार्यालयाने द्यायची आणि त्याचे परिणाम दुसऱ्याच्या हद्दीतील रस्त्यांनी व दुकानदारांनी सोसायचे, असे घडू शकते. अशा विभागलेल्या कारभाराचा एकत्र विचार व्हावा म्हणून राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) महानगर नियोजन समितीची तरतूद केली. २०२५ मध्ये बंगळूरच्या कारभाराची नवी घडी बसवण्यात आली. ग्रेटर बंगळूर प्राधिकरण स्थापन झाले आणि एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या.

केंद्र सरकारनेही दुकानाच्या जागेचा विचार केलेला आहे. २०१२ मध्ये विविध मालांच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला मुभा देताना, अशी दुकाने दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत आणि त्यांच्या हद्दीभोवतीच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात काढता येतील, असे प्रामुख्याने ठरवण्यात आले. ती जागा शहराच्या आराखड्याशी सुसंगत असावी आणि तेथे वाहतुकीची व वाहनतळाची सोय असावी, अशीही अट घालण्यात आली. परवानगी द्यायची की नाही, हे मात्र प्रत्येक राज्यावर सोपवले.

लाभ कोणाचा, हानी कोणाची?

अशा दुकानाचे लाभ नाकारता येत नाहीत. तेथे मालाची विविधता असते, किंमत छापील असते, पावती मिळते. तरुणांना नोकऱ्या मिळतात. मोठी कंपनी शेतकऱ्याकडून थेट खरेदी करू लागली, तर त्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळते.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोपऱ्यावरचा वाणी पावशेर साखर देतो, महिनाअखेरीस उधारी लिहून घेतो आणि आजारी माणसाच्या दारापर्यंत सामान पोहोचवतो. त्याचे दुकान बंद पडले, तर ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांचे फारसे बिघडत नाही. वृद्ध, अपंग आणि रोजंदारीवर जगणारे लोक मात्र अडचणीत येतात. मोठ्या दुकानाने दिलेले रोजगार मोजताना गल्लीतील किती रोजगार कमी झाले, हेही मोजले पाहिजे.

बंगळूरच्या बाबतीत पाण्याचाही प्रश्न आहे. हे शहर उंचवट्यावर वसलेले आहे. जुन्या काळी पावसाचे पाणी एका तलावातून दुसऱ्या तलावात नेणारे नाले होते. त्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. शहराच्या कडेची एकर-दोन एकर जमीन इमारत आणि वाहनतळ यांसाठी काँक्रीटने झाकली, नाला अरुंद केला, तर पाणी जमिनीत मुरत नाही. ते उताराने खालच्या वस्तीत शिरते. दुकान वर असते, घर मात्र खालच्या माणसाचे बुडते.

इतर देशांनी काय केले?

फ्रान्सने १९७३ मध्ये कायदा करून ठरावीक आकाराहून मोठ्या दुकानासाठी स्वतंत्र समितीची परवानगी आवश्यक केली. जपाननेही त्याच वर्षी छोट्या दुकानदारांच्या संरक्षणासाठी कायदा केला. तो २००० मध्ये रद्द झाला. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शासकीय मार्गदर्शनानुसार क्रम ठरला: प्रथम गावाच्या मध्यवर्ती भागात जागा शोधावी, ती नसल्यास त्याच्या कडेला, आणि तेथेही नसल्यासच गावाबाहेर. हे उपाय निर्दोष नव्हेत. कडक नियमांमुळे जुन्या दुकानदारांची मक्तेदारी वाढते आणि ग्राहकाला जादा पैसे मोजावे लागतात, अशी टीका झाली आहे. म्हणून सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक यांपेक्षा प्रत्येक प्रस्तावाची जागा तपासणे अधिक हिताचे ठरते.

नागरिकांचा शब्द

‘आमचे कोण ऐकणार?’ असे म्हणून आपण पुष्कळदा गप्प बसतो. परंतु बंगळूरचाच अनुभव वेगळे सांगतो. राजमहाल विलास विस्तार या वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालय हे चांगले काम असले, तरी उद्यानासाठी राखलेली जागा अशी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. पुढे २०१७ मध्ये शहराच्या २०३१ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर हजारो हरकती आल्या. तो मसुदा २०२० मध्ये मागे घेण्यात आला.

हरकत लिहिण्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. जाहीर सूचनेची तारीख, गावाचे नाव आणि सर्व्हे क्रमांक लिहावा. आपण तेथे राहतो की व्यवसाय करतो, ते सांगावे. मग आपला मुद्दा थोडक्यात मांडावा: रस्ता किती रुंद आहे, शाळा किती जवळ आहे, नाला कोठून वाहतो, बस येते की नाही. ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिलेल्या अर्जापेक्षा ‘या रस्त्यावरून सकाळी शाळेची मुले चालत जातात व येथे पदपथ नाही’ हे वाक्य अधिक वजनदार ठरते. अर्ज मुदतीत द्यावा आणि पोच घ्यावी. आपल्याला दुकान हवे असेल, तर तसेही कारणांसह लिहावे.

आराखडा हा रंगीत कागद वाटतो. परंतु त्यावरील एक रंग बदलला की कोणाचे दुकान उभे राहते आणि कोणाचे बंद पडते. म्हणून वृत्तपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली जाहीर सूचना वाचण्याची सवय प्रत्येक नागरिकाने लावून घेतली पाहिजे. पंधरा दिवस पाहता पाहता निघून जातात. उभी राहिलेली इमारत मात्र पुढच्या पिढीपर्यंत तेथेच असते.

विचार करा

१. तुमच्या गावातील बाजाराची जागा गेल्या काही वर्षांत बदलली आहे काय? त्याचा लाभ कोणाला झाला आणि गैरसोय कोणाची झाली?

२. तुमच्या वस्तीजवळ मोठे दुकान होणार आहे, अशी कल्पना करून नियोजन प्राधिकरणाला दहा ओळींचा अर्ज लिहा.