टँगमेरचे संग्रहालय आणि त्याचे राखणदार

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, वेस्ट ससेक्स परगण्यातील चिचेस्टर शहराच्या पूर्वेला, टँगमेर हे छोटे गाव आहे. गावालगत ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. तो १९७० साली बंद झाला आणि १९८२ साली त्याच्याच कडेला ‘टँगमेर मिलिटरी एव्हिएशन म्युझियम’ उघडले. हे संग्रहालय कुठल्या सरकारी खात्याने काढले नाही. माजी सैनिक आणि विमानांचे हौशी अभ्यासक यांनी ते उभारले आणि त्याचा कारभार आजही प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतो. ब्रिटनमध्ये अशी लहान लष्करी संग्रहालये ठिकठिकाणी आहेत. त्यांना वस्तू मिळवणे फारसे जड जात नाही, कारण घरोघरी पदके, गणवेश, पत्रे पडून असतात. आलेली वस्तू पन्नास वर्षे सांभाळण्यासाठी मात्र पैसा, कौशल्य आणि माणसे लागतात. अशा संस्थांना मदत करायची तर ती कुठे करावी, हे टँगमेरच्या कारभारावरून नीट समजते.

तळाचा इतिहास

नोव्हेंबर १९१६ मध्ये जेफ्री डॉर्मन या वैमानिकाला टँगमेरजवळच्या एका शेतात नाइलाजाने विमान उतरवावे लागले. ही सपाट, मोकळी जागा विमानतळाला योग्य असल्याचे त्याने वरिष्ठांना कळवले आणि पुढच्या वर्षी सरकारने जमीन ताब्यात घेतली. दुसऱ्या महायुद्धात हा तळ लंडनच्या दक्षिण बाजूच्या हवाई संरक्षणातील महत्त्वाचा दुवा ठरला. १६ ऑगस्ट १९४० रोजी दुपारी जर्मन ‘स्टुका’ विमानांनी त्यावर सूर मारून बॉम्बहल्ला केला. हँगर उद्ध्वस्त झाले, जमिनीवरची विमाने जळाली. ब्रिटिश हवाई दलात दाखल झालेला अमेरिकन वैमानिक बिली फिस्क याने त्याच दिवशी आपले निकामी झालेले ‘हरिकेन’ तळावर परत आणले. तो गंभीर भाजला होता आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. १९४१ साली दोन्ही पाय कृत्रिम असलेला डग्लस बेडर इथल्या स्पिटफायर स्क्वाड्रनांचे नेतृत्व करत होता. युद्धाच्या पुढच्या काळात चांदण्या रात्री इथून छोटी ‘लायसँडर’ विमाने उडत आणि जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये गुप्तहेर सोडून परत येत.

युद्धानंतर तळाचे नाव वेगाच्या विक्रमांशी जोडले गेले. ७ सप्टेंबर १९४६ रोजी टेडी डोनाल्डसन याने ‘मिटिऑर’ विमानातून ताशी सुमारे ९९१ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. बरोबर सात वर्षांनी, ७ सप्टेंबर १९५३ रोजी, नेव्हिल ड्यूक याने ‘हंटर’ विमानातून तो आकडा ताशी १,१७१ किलोमीटरवर नेला. दोन्ही उड्डाणे ससेक्सच्या किनाऱ्यावरून झाली होती.

संग्रह कसा उभा राहतो

विक्रम करणारी ती दोन्ही विमाने, ‘मिटिऑर’ ईई ५४९ आणि ‘हंटर’ डब्ल्यूबी १८८, टँगमेरमध्ये पाहायला मिळतात. त्यांची मालकी मात्र लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे आहे. टँगमेरला ती उसनवारीवर मिळाली आहेत. लहान संग्रहालयांत ही पद्धत सर्रास आढळते. मोठ्या संस्थेकडे वस्तू जास्त आणि जागा कमी असते, छोट्या संस्थेकडे त्या वस्तूला शोभणारी मूळ जागा असते. उसनवारीबरोबर करार येतो. इमारत, आग आणि चोरीपासून संरक्षण, विमा, तपासणी या सगळ्याच्या अटी त्यात असतात. त्यामुळे उसनी वस्तू संग्रहालयाची प्रतिष्ठा वाढवते आणि त्याबरोबर खर्चही वाढवते.

जे मूळ रूपात मिळणे शक्य नाही, त्याची प्रतिकृती ठेवतात. स्पिटफायरचे पहिले नमुना-विमान, के ५०५४, मार्च १९३६ मध्ये प्रथम उडाले आणि सप्टेंबर १९३९ मध्ये अपघातात नष्ट झाले. त्याची पूर्णाकृती प्रतिकृती टँगमेरमध्ये आहे. जाणकार स्वयंसेवक प्रतिकृती आणि अस्सल वस्तू यांतला फरक फलकावर स्पष्ट लिहितात. लष्करी वस्तूंच्या बाजारात बनावट पदके आणि बिल्ले पुष्कळ फिरतात. म्हणून संग्रहालयाची विश्वासार्हता अशा नोंदींवर अवलंबून असते.

कायद्याची आणि मान्यतेची चौकट

इंग्लंडमध्ये असे संग्रहालय सहसा नोंदणीकृत धर्मादाय संस्था असते. विश्वस्त मंडळ विनावेतन काम करते आणि वार्षिक हिशेब धर्मादाय आयोगाला सादर करते. याशिवाय ‘अ‍ॅक्रेडिटेशन’ ही मान्यता योजना आहे. ती १९८८ साली नोंदणी योजना म्हणून सुरू झाली आणि २००४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. संस्थेचा कारभार, संग्रहाची निगा आणि प्रेक्षकांची सोय या तीन अंगांनी संग्रहालय तपासले जाते. मान्यतेमुळे मोठ्या संग्रहालयांकडून वस्तू उसन्या मिळणे आणि अनुदानासाठी अर्ज करणे सोपे होते. लष्कराच्या पलटणींच्या संग्रहालयांसाठी १९५४ साली कर्नल रॉबर्ट ओगिल्बी यांनी ‘आर्मी म्युझियम्स ओगिल्बी ट्रस्ट’ स्थापन केला. तो सल्ला आणि अर्थसाहाय्य देतो.

महाराष्ट्रात अशी संस्था काढणाऱ्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करता येते. भारतातील १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील सैनिकाने घरी लिहिलेले महत्त्वाचे पत्र आज या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, पण त्याच सैनिकाचे शिरस्त्राण येत नाही. बंदुका आणि काडतुसांना शस्त्र अधिनियम, १९५९ लागू होतो, त्यामुळे त्या स्वीकारण्यापूर्वी पोलिसांकडे चौकशी करणे भाग असते.

स्वयंसेवक काय करतात

प्रेक्षकाला दिसतात ते तिकीटखिडकीवरचे आणि दालनातले स्वयंसेवक. पडद्यामागे त्याहून जास्त हात राबतात. कोणी पत्रे ठोकते, कोणी विमानाचे सांधे तेल-ग्रीसने ओलसर राखते, कोणी शाळांच्या सहली हाताळते, कोणी ग्रंथालयात बसून परदेशातून आलेल्या चौकशीला उत्तर देते. टँगमेर हिवाळ्यात काही काळ बंद असते आणि मोठी डागडुजी त्याच दिवसांत उरकली जाते.

अशा संस्थांच्या स्थापनेच्या वेळी राबणारे बहुतेक लोक त्या युद्धात किंवा त्या तळावर प्रत्यक्ष काम केलेले होते. कुठला खिळा कुठे बसतो, हे त्यांना पाठ होते. ती पिढी आता जवळपास संपली आहे. त्यांच्याकडचे ज्ञान ध्वनिमुद्रित मुलाखतींत आणि लेखी सूचनांमध्ये उतरले नसेल, तर ते त्यांच्याबरोबरच जाते. नवीन स्वयंसेवकांत निवृत्त अभियंते, शिक्षक आणि संगणकाचे जाणकार असतात. युद्धाचा अनुभव नसला, तरी नोंदी ठेवणे, निधीचे अर्ज लिहिणे आणि छायाचित्रांचे संगणकीकरण करणे ही कामे ते करू शकतात. इतर कुणी करत नसल्यामुळे ही कामे वर्षानुवर्षे साचतात.

जतनाचे शास्त्र

विमानाचे अंग बव्हंशी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. त्याला पोलादी स्क्रू आणि बोल्ट लावलेले असतात. दमट, खारट हवेत दोन धातूंच्या सांध्याशी विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजते. काही जुन्या विमानांच्या चाकांत मॅग्नेशियमचे मिश्रधातू असतात. ते आणखी लवकर खराब होतात. काचेसारखे दिसणारे पर्स्पेक्स उन्हाने पिवळे पडून तडकते, टायरचे रबर कडक होते. उघड्यावर ठेवलेल्या विमानाची ही झीज पूर्णपणे थांबवता येत नाही, फक्त मंद करता येते. म्हणून एखादे नवे विमान मिळवण्यापेक्षा असलेल्या विमानावर छप्पर घालणे संग्रहाच्या जास्त हिताचे ठरते.

धोक्याच्या वस्तू वेगळ्याच. जुन्या विमानांतील काही उपकरणांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असतो. त्याची चमक काही दशकांत विझते, पण रेडियमचे अर्ध-आयुष्य सुमारे १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सार कायम राहतो. अशी तबकडी उघडायची नाही, तिची नोंद ठेवायची आणि ती बंद पेटीत ठेवायची, असा दंडक असतो. काही जुन्या यंत्रांत अ‍ॅस्बेस्टॉसही सापडतो. सैनिकांनी आठवण म्हणून आणलेले तोफगोळे रिकामे असल्याची खात्री तज्ज्ञांकडून करून घेतल्याशिवाय दालनात आणत नाहीत.

कापड आणि कागद यांचे शत्रू प्रकाश, ओल आणि कीड. गणवेश आणि पत्रांवर पडणारा प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत ठेवण्याची प्रथा आहे. एवढ्या अंधूक उजेडाचे कारण प्रेक्षकांना फलकावर सांगावे लागते. पत्रे आम्लरहित कागदात ठेवतात. हे सामान महाग नसते, पण ते दरवर्षी लागते.

या सगळ्याच्या मुळाशी नोंद असते. वस्तू दारातून आत येताच देणाऱ्याचे नाव, ती भेट आहे की उसनी, तिच्यामागची हकीकत आणि दाखलक्रमांक लिहायचा असतो. ब्रिटनमध्ये यासाठी ‘स्पेक्ट्रम’ नावाची ठरलेली पद्धत १९९४ पासून वापरात आहे. नोंद नसलेली वस्तू कोणाची, हे तीस वर्षांनी सांगता येत नाही. मग ती दाखवणे, देणे किंवा दुरुस्त करणे, सगळेच अडते.

पैशाचे गणित

उत्पन्नाचे मार्ग ठरलेले आहेत: तिकिटे, उपाहारगृह, दुकान, वर्गणीदार सभासद, देणग्या आणि मृत्युपत्रांतून मिळणारा निधी. ब्रिटनमधील ‘गिफ्ट एड’ योजनेत करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडावर संस्थेला सरकारकडून २५ पेन्स परत मिळतात. लॉटरीच्या निधीतून मोठी अनुदाने मिळतात, पण बहुधा एखाद्या ठरावीक प्रकल्पासाठी. नवे दालन बांधायला पैसे मिळतात. त्याचे वीजबिल, विमा आणि रंगकाम मात्र संस्थेलाच भरावे लागते. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे इंग्लंडमधील संग्रहालयांची दारे बंद झाली, तेव्हा तिकिटांवर जगणाऱ्या संस्थांचे उत्पन्न एकदम थांबले, खर्च मात्र सुरूच राहिले. म्हणून एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी येणारी छोटी वर्गणी अशा संस्थेला अधिक आधार देते.

देखभालीचा खर्च न पेलल्यास काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९७१ च्या युद्धात भाग घेतलेली विमानवाहू नौका ‘आयएनएस विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली आणि संग्रहालय म्हणून मुंबईत ठेवली गेली. सांगाडा गंजत गेला, कायमस्वरूपी निधीची तजवीज झाली नाही, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ती लोकांसाठी बंद झाली. २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली. तिच्याविषयी लोकांना प्रेम होते. दरवर्षीच्या डागडुजीची तरतूद नव्हती.

जागा आणि वारसदार

यॉर्क शहरातील इम्फाळ बरॅक्समधील कोहिमा म्युझियमपुढे वेगळा प्रश्न आहे. ब्रिटिश सैन्याच्या दुसऱ्या डिव्हिजनने १९४४ च्या एप्रिल ते जून या काळात कोहिमा येथे दिलेल्या लढाईची स्मृती हे लहान संग्रहालय जपते. या मोहिमेशी मराठी सैनिकांचा थेट संबंध आहे. कोहिमाची लढाई सुरू होण्यापूर्वी, मार्च १९४४ मध्ये, सांगशाक येथे पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली. तिथे खर्ची पडलेल्या दिवसांमुळे कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकड्यांना उशीर झाला.

हे संग्रहालय चालू लष्करी छावणीच्या आत असल्याने प्रवेशाला मर्यादा आहेत. इम्फाळ बरॅक्स २०३१ पर्यंत बंद करण्याची घोषणा ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने २०१६ साली केली. स्वतःची इमारत नसलेल्या संग्रहालयासाठी जागामालकाचा निर्णय हा अस्तित्वाचा प्रश्न होतो. दीर्घ मुदतीचा भाडेकरार मिळवून देणारा वकील किंवा पर्यायी जागा देणारी नगरपालिका अशा वेळी मोठ्या देणगीदाराइतकीच उपयोगी पडते.

मदत करणाऱ्यांनी म्हणूनच आधी संस्थेला काय हवे ते विचारावे. आजोबांच्या ट्रंकेतील सगळे सामान नेऊन टाकल्यास संग्रहालयावर ओझे पडते. त्यातल्या एका पत्राबरोबर लिहिणाऱ्याचे नाव, गाव, पलटण आणि छायाचित्र दिले, तर त्या पत्राला अर्थ येतो. आठवड्यातला एक दिवस नोंदींसाठी देणे, हिशेब तपासून देणे, जुन्या मराठी किंवा मोडी पत्रांचे वाचन करून देणे, या गोष्टी पैशाइतक्याच मोलाच्या आहेत.

शेवटची तयारी संग्रहालय बंद पडण्याच्या शक्यतेची असते. मान्यताप्राप्त ब्रिटिश संग्रहालयाकडे वस्तू काढून टाकण्याविषयीचे लेखी धोरण असावे लागते. संस्था विसर्जित झाली, तर वस्तू प्रथम इतर मान्यताप्राप्त संग्रहालयांना देऊ केल्या जातात, उसन्या वस्तू मालकांकडे परत जातात, आणि धर्मादाय संस्थेची उरलेली मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे वर्ग होते. ज्या संस्थेच्या नोंदी पूर्ण आहेत, तिच्याबाबत हे काम सुरळीत पार पडते. नोंदी अपुऱ्या असतील, तर स्वयंसेवकांनी आयुष्यभर सांभाळलेला संग्रह लिलावात विखुरला जातो.