दारची करवंदाची जाळी

मैत्रिणींनो, द्रोणातली करवंदं खाताना 'कोंबडा की कोंबडी' खेळली नाही अशी तुमच्यात क्वचितच कुणी असेल! पण हीच जाळी आपल्या कुंपणाला लावावी, असं सहसा मनात येत नाही. आपण नर्सरीतली परदेशी डुरांटा आणतो नि मोकळ्या होतो.

आमच्या मागच्या कुंपणाला करवंदाच्या पाच जाळ्या आहेत. लावणं अगदी सोपं. मे महिन्यात पूर्ण पिकलेली काळी करवंदं खावीत, बिया धुऊन लगेच पिशव्यांत पेराव्यात. पुढच्या वर्षासाठी जपून ठेवाल तर उगवणार नाहीत. रोपं वर्षभर पिशवीतच वाढवून पुढच्या पावसाच्या सुरुवातीला तीन-तीन फुटांवर लावायची. जमीन मुरमाड असली तरी चालते, पाणी मात्र साचता कामा नये. पहिले दोन उन्हाळे पाणी घाला, मग झाड आपलं आपण बघतं. फळाला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

छाटणीत मी चुकले. कुंपण देखणं दिसावं म्हणून जानेवारीत कात्री चालवली. त्या वर्षी ती जाईसारखी सुवासिक फुलं नाहीत नि करवंदंही नाहीत! छाटणी फळं संपल्यावरच करावी.

गेल्या मे महिन्यात वेगळाच पेच पडला. धाकट्याच्या तळहातात काटा मोडला. काटे चांगले इंचभर असतात हो! हे म्हणाले, "ही जाळी आता काढूनच टाकू." गडीही ठरला. आदल्या संध्याकाळी पाहते तर आत बुलबुलाचं वाटीएवढं घरटं, त्यात तीन अंडी. ज्या काट्यांनी माझ्या मुलाला रडवलं, त्यांच्यामुळेच शेजारचं मांजर तिथं पोचत नव्हतं. काय करावं?

पिल्लं उडून जायला महिनाभर लागतो. तेवढी मुदत मी मागून घेतली. जुलैत गडी आला, तेव्हा वाटेकडच्या फांद्या तेवढ्या उतरवल्या. जाळी राहिली. मुलं खेळतात त्या बाजूला मात्र तुम्ही ती लावूच नका.

लोणच्यासाठी कच्ची करवंदं हाताला तेल लावून काढा, चीक फार चिकट असतो. मी आता खालचीच काढते, वरची पिकू देते. बुलबुल नि कोकीळ सकाळी आमच्याआधी हजर! यंदा बरणी निम्मीच भरली. सासूबाई अजून बोलून दाखवतात.