घरातील जमीन : लाकडी व व्हिनिल

खोलीच्या तळाशी असलेल्या माती, दगड अथवा काँक्रीट यांच्या पायावर चालण्यासाठी, बसण्यासाठी व स्वच्छता राखण्यासाठी जो पृष्ठथर देतात, त्यास व्यवहारात ‘जमीन’ असे म्हणतात. शेणाने सारवलेली माती, शहाबादी व कोटा फरशी, सिमेंटच्या मोझेक लाद्या, काचित लाद्या, लाकूड आणि प्लॅस्टिक हे तिचे प्रमुख प्रकार होत. प्रस्तुत नोंदीत लाकडी व व्हिनिल या दोन प्रकारांच्या टिकाऊपणाचा विचार पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात केला आहे.

पूर्वपीठिका : या भागात दगड विपुल व लाकूड आवाक्यातले असल्याने दोहोंचा वापर जुना आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले. त्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीहून आणला, असे सांगतात. १८२८ च्या आगीत वाड्याचा लाकडी भाग नष्ट झाला. दगडी तट व जोती राहिली. सामान्य वाड्यांत तळमजल्याची जमीन मातीची वा दगडी असे आणि वरच्या मजल्यांना कडीपाट असे. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, त्यांवर मातीचा थर व वर सारवण, अशी ही रचना होती. म्हणजे लाकूड भार पेलत असे, पायाखालचा घासला जाणारा थर मात्र मातीचा असून तो पुनःपुन्हा सारवून नवा करता येई. भार पेलणारा भाग व झिजणारा भाग वेगळे ठेवण्याचे हे तत्त्व आधुनिक आच्छादनांतही आढळते.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना सुरू झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) या परिसरात कारखानदारी झपाट्याने वाढली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणही औद्योगिक केंद्र बनले. घरे आता प्रामुख्याने काँक्रीटच्या बहुमजली इमारतींत असल्याने लाकूड वा व्हिनिल हे बहुधा काँक्रीटच्या लादीवर किंवा आधीच्या लाद्यांवरच बसवावे लागते.

लाकडी जमीन : तिचे तीन प्रकार आहेत. (१) अखंड लाकडाच्या सुमारे १५ ते २० मिमी. जाडीच्या फळ्या; (२) प्लायवुडसारख्या आडव्याउभ्या थरांवर उत्तम लाकडाचा पातळ थर चिकटवून केलेल्या फळ्या; (३) लॅमिनेट. यांपैकी लॅमिनेटमध्ये वरचा भाग लाकडाचे छायाचित्र छापलेल्या व रेझीनने कठीण केलेल्या कागदाचा आणि गाभा दाबलेल्या काष्ठतंतूंचा असतो. लॅमिनेटची जमीन प्रथम स्वीडनमध्ये १९७७ च्या सुमारास तयार करण्यात आली. अखंड फळ्या अनेक वेळा तासून नव्याने रोगण लावता येते. दुसऱ्या प्रकारात वरचा थर ३-४ मिमी. असल्यास हे एकदोनदाच साधते. लॅमिनेट तासता येत नाही. त्याच्या गाभ्यात पाणी शिरले, तर तो फुगतो व पूर्ववत होत नाही.

लाकूड हवेतील बाष्प शोषते व सोडते. त्यानुसार त्याची रुंदी बदलते. लांबी मात्र जवळजवळ स्थिर राहते. पुणे परिसरात उन्हाळ्यातील दुपारी हवा अतिशय कोरडी, तर पावसाळ्यात ती बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. घरातील लाकडाच्या आर्द्रतांशात या दोन ऋतूंत ४ टक्क्यांचा फरक पडला असे धरल्यास १०० मिमी. रुंदीची, वार्षिक वलयांना स्पर्शरेषेत कापलेली सागाची फळी सुमारे पाऊण मिमी. फुगते. अशा ३० फळ्यांच्या ३ मी. रुंद खोलीत ही वाढ सुमारे २२ मिमी. होते. भिंतीलगत फट नसेल, तर फळ्या एकमेकींवर रेलून वर उचलल्या जातात. ओकचे लाकूड सागाच्या जवळजवळ दुप्पट हलते. म्हणून थंड देशांतील ओकच्या जमिनीचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. कठीणपणात मात्र ओक सागापेक्षा काहीसे सरस आहे. यावरून कठीण लाकूड तेच टिकाऊ, हा समज अपुरा असल्याचे दिसते. त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळीचे आकारमान याहून कमी, सुमारे निम्म्यानेच बदलते. सागाच्या नरगाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरील पांढऱ्या लाकडाला ती लागते. लाकडाच्या आर्द्रतांशाच्या मर्यादा आयएस २८७ या भारतीय मानकात दिल्या आहेत.

व्हिनिल जमीन : पॉलिव्हिनिल क्लोराइड हे मुळात कठीण व ठिसूळ बहुवारिक होय. मृदुकारक द्रव्ये मिसळून ते लवचिक करण्याची रीत अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये शोधली. त्यापूर्वी जवसाच्या तेलापासून केलेले लिनोलियम रूढ होते. ते इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० नंतरच्या दशकात प्रचारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिनिलने लिनोलियमची जागा बव्हंशी घेतली.

व्हिनिल गुंडाळीच्या, चिकटवायच्या लाद्यांच्या वा एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्यांच्या स्वरूपात मिळते. पट्ट्यांच्या कठीण प्रकारात चुनखडीची भुकटी मोठ्या प्रमाणात असते. नक्षी म्हणजे छापील पापुद्रा असून तिचे रक्षण वरचा पारदर्शक झीज-थर करतो. वस्तूची एकूण जाडी ४ मिमी. असो वा ८ मिमी., आयुष्य ठरते ते या थरावरून. घरगुती वापरास हा थर सुमारे ०·३ मिमी., तर वर्दळीच्या जागी ०·५ मिमी. वा अधिक असावा. विक्रेते बहुधा एकूण जाडीच सांगतात. ग्राहकाने झीज-थराची जाडी स्वतंत्रपणे विचारून घेणे हिताचे ठरते. आयएस ३४६२ हे लवचिक व्हिनिल आच्छादनांचे व आयएस ५३१८ हे ती बसवण्याच्या रीतीचे भारतीय मानक होय.

व्हिनिलला वाळवी लागत नाही व पाण्याने ते फुगत नाही. तथापि उष्णतेने ते प्रसरण पावते. भुकटी न मिसळलेल्या कठीण व्हिनिलची ५ मी. लांब पट्टी तपमान २० अंश से. वाढल्यास सुमारे ६ मिमी. लांबते, म्हणून पश्चिमेकडील ऊन थेट पडणाऱ्या खोलीत भिंतीलगतची फट व पडदा दोन्ही आवश्यक असतात. रबरी तळाच्या पायपुसण्यांतील द्रव्यांमुळे व्हिनिलवर कायमचे तपकिरी डाग पडतात. व्हिनिल जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. जुन्या काही व्हिनिल लाद्यांत ॲस्बेस्टस असे. अशा लाद्या घासू वा फोडू नयेत, कारण त्यांचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन गंभीर रोग उद्‌भवतात.

पायाची तयारी : आच्छादने अकाली निकामी होण्याचे एक मोठे कारण वरच्या थरात नसून पायातील ओलाव्यात असते. काँक्रीट वरून कोरडे दिसले, तरी आत पाणी असते. व्हिनिलने ते कोंडले जाते व आसंजक सुटतो. नव्या काँक्रीटला दर २५ मिमी. जाडीस कोरड्या हवेत सुमारे एक महिना वाळू द्यावे, असा ठोकताळा आहे; पावसाळ्यात याहून अधिक काळ लागतो. प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर कडेने चिकटवून एक दिवस ठेवावा. खाली दव जमल्यास वा काँक्रीट काळवंडल्यास काम पुढे ढकलावे. कागद कोरडा निघाला, तरी तळमजल्यावर ओल-रोधक थर घालणे इष्ट असते. २ मी. लांब पट्टी ठेवली असता तिच्याखाली ३ मिमी.पेक्षा अधिक पोकळी नसावी. अन्यथा पट्ट्यांचे सांधे पायाखाली दबून तुटतात. जुन्या लाद्यांवर आच्छादन घालताना दारे अडणार नाहीत हेही पाहावे लागते.

निवड : घरात पादत्राणे न वापरण्याच्या प्रथेमुळे झीज कमी होते. कारखान्यातून येणाऱ्या बुटांच्या तळाशी लोखंडी कीस व वाळूचे कण रुततात. ते व्हिनिल व रोगण दोन्ही ओरखडतात. म्हणून उंबऱ्याशी बूट काढण्यास दगडी वा लादीची जागा राखणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. जमीन पाण्याने धुण्याची सवय लाकडास मारक आहे. पिळलेल्या फडक्याने पुसणेच योग्य. स्नानगृह, मोरी व धुण्याची जागा येथे दोन्ही प्रकार टाळून खरखरीत लादी घालावी. स्वयंपाकघर, मुलांची व वृद्धांची खोली यांना चांगल्या झीज-थराचे व्हिनिल सोयीचे असते, कारण ते पायाला गार लागत नाही व पडल्यास मार कमी लागतो. वरच्या मजल्यावरील कोरड्या खोलीत, दीर्घकाळ राहावयाचे असल्यास, सागवान परवडते. त्याचा प्रारंभीचा खर्च मोठा असला, तरी ते तासून पुन्हा नवे करता येते. भाड्याच्या वा थोड्या वर्षांच्या वास्तव्यास मूळच्या लाद्या कायम ठेवून वर उचलता येण्याजोग्या पट्ट्या घालणे श्रेयस्कर ठरते. सारांश, टिकाऊपणा हा केवळ पदार्थाचा गुण नसून पदार्थ, पाया, हवामान व वापर यांच्या मेळावर तो अवलंबून असतो.