वाक्य ओळखा, मग सही करा

समजा, मुलगा मुंबईला कामाला आहे. तो घरी पत्र लिहितो, "म्हैस विकली?" वडील उत्तर लिहितात, "म्हैस विकली." आजी हे ऐकते. ती कपाळाला हात लावून म्हणते, "म्हैस विकली!"

शब्द दोनच, आणि तेच. पण मुलगा विचारतो, वडील सांगतात, आजी हळहळते.

बोलताना हा फरक आवाजावरून कळतो. कागदाला आवाज नसतो. म्हणून वाक्याच्या शेवटी खूण करतात. पत्र असो की मोबाइलवरचा निरोप असो, आधी खूण पाहावी.

जुन्या मोडी कागदांत अशा खुणा नसत. शब्दही एकमेकांना जोडून लिहीत. वाचणारा अंदाजाने तोडून वाची. या खुणा आपण इंग्रजीतून घेतल्या. मेजर कँडी या इंग्रज गृहस्थांनी १८५० साली त्यांच्याविषयी मराठीत पुस्तिका लिहिली.

आता वाक्यांचे मुख्य प्रकार पाहू.

सांगणारे वाक्य ते विधानार्थी. "पेरणी झाली." शेवटी टिंब असते. त्याला पूर्णविराम म्हणतात.

विचारणारे वाक्य ते प्रश्नार्थी. "पेरणी झाली का?" यात कोण, काय, कुठे, केव्हा असे शब्द येतात. शेवटी प्रश्नचिन्ह असते.

मन भरून आले की निघते ते उद्गारार्थी. "अरेरे, पीक गेलं!" शेवटी उद्गारचिन्ह असते.

करायला सांगणारे वाक्य ते आज्ञार्थी. "बैल बांध." "देवा, पाऊस पाड." हुकूम असो की विनवणी, प्रकार एकच. याच्याही शेवटी बहुधा टिंबच असते. मग ओळखायचे कसे? कर, करा, करू नका अशा शब्दांवरून.

हे कशाला शिकायचे, असे तुम्ही विचाराल. आम्ही सांगतो. कर्जाच्या पावतीवर लिहिलेले असते, "रुपये ५,००० मिळाले." खाली असते, "येथे सही करा." आपण खालचे वाक्य वाचतो आणि सही करून मोकळे होतो. पण खालचे वाक्य नुसती आज्ञा आहे. वरचे वाक्य विधान आहे. सही केली, की ते विधान आपले झाले. पैसे हातात नसतील, तर आपण खोटे लिहून दिले असे होते. मग "मला कुठे मिळाले?" हा प्रश्न कोण ऐकणार?

म्हणून आधी विधान शोधा. ते खरे आहे का, पाहा. "हप्ता चुकला तर दंड पडेल," अशी "तर"ची अट असेल, तीही नीट वाचा. मगच सही करा.

आता ही वाक्ये वाचा आणि प्रकार ओळखा:

पाणी उकळून प्या.
विहिरीला पाणी लागले.
नळाला पाणी आले का?
केवढा हा पूर!