चोरीच्या आधीचा फोटो

ऑगस्ट २०२२मध्ये जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ इथून, समर्थ रामदासांच्या जन्मगावातून, राम-लक्ष्मण-सीतेच्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. राज्यभर आरडाओरडा झाला आणि दोनेक महिन्यांत पोलिसांनी त्या परत मिळवल्या. हजारो भाविकांच्या ओळखीचे ते देव होते. पण नांदेड-लातूरकडच्या एखाद्या पारावरचा शेंदूर फासलेला वीरगळ रातोरात उचलला, तर फिर्यादीत लिहिणार काय? ‘एक जुना दगड’. एवढ्या वर्णनावर तपास होत नाही, आणि माल सापडला तरी तो आपलाच हे सिद्ध करता येत नाही. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानचा चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८मध्ये ५० लाख डॉलर मोजून घेतला होता. तो २०१४मध्ये परत आला, कारण पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडे चोरीच्या कितीतरी आधी देवळात काढलेले फोटो होते. मूर्ती परत येते ती चोरीआधीच्या नोंदीच्या जोरावर.

यावर कुणी दिवेआगरकडे बोट दाखवील. तिथल्या सोन्याच्या गणपतीचे फोटो काय कमी होते? तरी २०१२मध्ये दोन रखवालदारांचा जीव घेऊन चोरांनी तो पळवला आणि वितळवला. खरं आहे, सोन्यापुढे फोटो हतबल आहे. दगड मात्र वितळवता येत नाही. होट्टलच्या किंवा निलंग्याच्या देवळांवरचं चालुक्यकालीन कोरीवकाम फोडलं की त्याची खडी होते, म्हणजे चोराला ते जसंच्या तसं विकावं लागतं, आणि तिथेच फोटो आडवा येतो. फोटोमुळे चोरांनाच वाट सापडेल, ही शंकाही टिकत नाही. ती वाट त्यांना आधीच ठाऊक असते. अडचण होते ती गिऱ्हाइकाची. नोंद केली की सरकार देव उचलून नेईल, ही गावकऱ्यांची धास्ती जास्त खोल आहे. पण १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार नोंदणीने मालकी बदलत नाही, आणि सक्तीने संपादन करण्याच्या अधिकारातून पूजेतल्या मूर्ती स्पष्टपणे वगळल्या आहेत. (हे गावात जाऊन कुणी सांगत नाही, हा भाग वेगळा.)

फोटो मात्र हार-वस्त्रं उतरवून, शेजारी मोजपट्टी ठेवून, मागून-पुढून काढायला हवा. एकाच घडणीच्या मूर्ती अनेक असतात. नाकाचा उडालेला टवका किंवा तुटलेलं बोट एकाच मूर्तीचं असतं.