चेहऱ्याची निगा

तुमच्या आपाचे लग्न आठ दिवसांवर आले आहे. घरात पाहुण्यांची ये-जा सुरू झाली आहे. नवे कपडे शिवून तयार आहेत. सकाळी उठून तुम्ही आरशात पाहता, तर काय! नाकाच्या शेंड्यावर एक लालबुंद पुटकुळी! तुमचा चेहरा एकदम उतरतो.

मग सल्ल्यांना सुरुवात होते. कोणी म्हणते, "टूथपेस्ट लाव, रात्रीत जाईल." कोणी म्हणते, "लिंबू चोळ." शेजारच्या खाला औषधाच्या दुकानातील एका ट्यूबचे नाव सांगतात आणि म्हणतात, "आठ दिवसांत रंग उजळतो, बघ!" मोबाइल उघडावा, तर तिथे दहा बाटल्या ओळीने मांडून कोणी तरी आणखी दहा सल्ले देत असते. आता ऐकायचे कोणाचे?

मुलामुलींनो, याचे उत्तर शोधायचे असेल, तर आधी त्वचेची ओळख करून घ्यायला हवी. त्वचेला तुम्ही उर्दूत 'जिल्द' म्हणता. पुस्तकाच्या बांधणीलाही तुमच्याकडे हाच शब्द आहे. हे नाव किती योग्य आहे पाहा! पुस्तकाची जिल्द आतल्या पानांचे रक्षण करते, तशी त्वचा आपल्या शरीराचे रक्षण करते. ती बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही आणि आतले पाणी सहज बाहेर जाऊ देत नाही. मोठ्या माणसाच्या अंगावरची सगळी त्वचा सपाट पसरली, तर ती दीड ते दोन चौरस मीटर भरेल.

त्वचेचा वरचा थर सतत नवा होत असतो. खालच्या बाजूला नव्या पेशी तयार होतात. त्या हळूहळू वर सरकतात आणि शेवटी मृत होऊन गळून पडतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. म्हणूनच 'तीन दिवसांत नवी त्वचा' असे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. त्वचा आपल्या गतीने काम करते. तिला घाई चालत नाही.

आता ती पुटकुळी कोठून आली ते पाहू. आपल्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. चेहरा, छाती आणि पाठ या भागांत त्या जास्त असतात. तुम्ही वयात येऊ लागता, तेव्हा शरीरातील संप्रेरकांमुळे या ग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल सोडू लागतात. हे तेल आणि मृत पेशी मिळून त्वचेची बारीक छिद्रे बुजतात. बुजलेल्या छिद्रात जंतू वाढतात. मग ती जागा लाल होते, सुजते, कधी तिथे पू होतो. यालाच आपण मुरूम किंवा तारुण्यपीटिका म्हणतो.

म्हणजे मुरूम येणे हा अस्वच्छतेचा दोष नाही. ते वाढत्या वयाचे लक्षण आहे. मुलींना मुरूम येतात, तसे मुलांनाही येतात. नाकावर जे काळे ठिपके दिसतात, तेसुद्धा मळाचे नसतात. उघड्या छिद्रातील पदार्थाचा हवेशी संबंध आला, की तो काळा पडतो. तो मळ समजून कितीही घासले, तरी ठिपके जात नाहीत. उलट त्वचा मात्र सोलवटते.

मग करायचे काय? फार थोडे! तुमच्या वयात त्वचेला तीनच गोष्टी लागतात. तिला स्वच्छ ठेवायचे, तिचा ओलावा टिकवायचा आणि उन्हापासून तिला जपायचे.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा. खेळून घामाघूम होऊन आलात, तर पुन्हा एकदा धुवा. तेवढे पुरे. अंगाचा साबण चेहऱ्याला लावू नये. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साधा साबण अल्कधर्मी असतो. त्यामुळे चेहरा ओढल्यासारखा होतो. दिवसातून अनेकदा वजू करणाऱ्यांनी प्रत्येक वेळी फेसवॉश वापरण्याची गरज नाही. साधे पाणी उत्तम. फक्त टॉवेलने चेहरा खसखसा पुसू नका, हलक्या हाताने टिपून घ्या.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. चेहरा थोडा ओलसर असतानाच त्यावर साधे मॉइश्चरायझर लावा. "माझा चेहरा तर तेलकट आहे, मला कशाला?" असे तुम्ही विचाराल. पण तेल वेगळे आणि ओलावा वेगळा. तेलकट त्वचासुद्धा कोरडी पडू शकते. अशा त्वचेसाठी जेलसारखे हलके मॉइश्चरायझर घ्यावे. ज्यांना मुरूम येतात, त्यांनी चेहऱ्याला खोबरेल तेल लावू नये. त्याने छिद्रे बुजण्याचा संभव असतो. केसांना तेल लावले असेल, तर तेही कपाळावर उतरू देऊ नका.

तिसरी गोष्ट उन्हाची. दुपारच्या उन्हात मालेगाव किंवा नागपूरच्या रस्त्यावरून चालून पाहा, म्हणजे त्वचेला काय सोसावे लागते ते कळेल. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्वचा काळवंडते, मुरमांचे डाग जास्त गडद होतात आणि त्वचेवर लवकर सुरकुत्या पडतात. यासाठी घराबाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे आधी सनस्क्रीन लावावे. बाटलीवर 'एसपीएफ' हा शब्द आणि त्यापुढे एक आकडा असतो. तो ३० किंवा त्याहून जास्त असावा. सनस्क्रीन चिमूटभर लावून भागत नाही. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके क्रीम घ्यावे. बराच वेळ उन्हात राहायचे असेल, तर दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. छत्री, टोपी, ओढणी ही तर आपली जुनी आणि स्वस्त साधने आहेतच. त्यांचाही उपयोग करा.

ही झाली रोजची निगा. सकाळी धुणे, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन; रात्री धुणे आणि मॉइश्चरायझर. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. मोबाइलवर दिसणारी महागडी सीरम वेगळ्या कामासाठी असतात. त्यांतील कित्येक तर सुरकुत्या पडलेल्या त्वचेसाठी केलेली असतात. तेरा-चौदा वर्षांच्या कोवळ्या त्वचेला ती लावली, तर आग होते आणि साल निघते. तुमच्या सुरकुत्या अजून तीस वर्षे दूर आहेत!

घरगुती उपायांचे काय? सगळेच वाईट नाहीत. बेसन, हळद आणि दूध यांचे उटणे, म्हणजे तुमचे उबटन, कधी तरी हलक्या हाताने लावायला हरकत नाही. मुलतानी माती तेल शोषून घेते. पण ती आठवड्यातून एकदा पुरे. रोज लावल्यास त्वचा फार कोरडी होते. लिंबू मात्र चेहऱ्याला लावू नका. ते त्वचेपेक्षा फार जास्त आम्लधर्मी असते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे चट्टे पडू शकतात. टूथपेस्ट दातांसाठी असते, ती दातांनाच लावावी. आणि मुरूम कधीही नखाने फोडू नका. मुरूम काही दिवसांत जातो, पण फोडल्यामुळे पडलेला खड्डा वर्षानुवर्षे राहतो.

आता खालांनी सांगितलेल्या त्या ट्यूबकडे वळू. त्या मनाने चांगल्या आहेत, तुमचे भलेच चिंततात. पण हा सल्ला धोक्याचा आहे. अशा काही ट्यूबमध्ये स्टिरॉइड नावाचे औषध असते. इसबासारख्या आजारावर डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात. ते चेहऱ्याला लावल्यावर पहिले काही दिवस रंग खरोखर उजळल्यासारखा वाटतो. माणूस खूश होतो आणि रोज लावू लागतो. मग त्वचा पातळ होते. गालांवर लाल शिरा दिसू लागतात. पुष्कळ मुरूम येतात, कधी चेहऱ्यावर केसही वाढतात. लावणे थांबवले, की आग आणि खाज सुटते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. असे हे दुष्टचक्र आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तुमच्या घरी कोणी असे मलम बरेच दिवस लावत असेल, तर त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. ते कसे सोडायचे, हे डॉक्टरच नीट सांगतील.

काही बेनामी क्रीममध्ये पाराही सापडला आहे. भारतात चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालण्यास मनाई आहे, कारण तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. म्हणून ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता नाही, बॅच क्रमांक नाही, वापराची मुदत लिहिलेली नाही, ती डबी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

पण मुलांनो, इथे थांबून एक प्रश्न स्वतःला विचारा. रंग उजळायचा तरी कशासाठी? आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात. हे रंगद्रव्य अतिनील किरणांपासून आपले रक्षण करते. म्हणजे सावळा रंग हा आजार नाही, ती निसर्गाने दिलेली छत्री आहे. जो आजारच नाही, त्यावर औषध कसले? १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम भारताच्या बाजारात आले. २०२० साली कंपनीने त्या नावातील 'फेअर', म्हणजे 'गोरी', हा शब्द काढून 'ग्लो' हा शब्द घातला. एक शब्द बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली. आपल्या मनातून तो शब्द काढायला मात्र आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आता थोडे नटण्याविषयी. ईद असो की लग्न, नटावेसे वाटणे साहजिक आहे. शाळेत जाताना मात्र सनस्क्रीन आणि ओठ फुटू नयेत म्हणून लिप बाम एवढे पुरे. समारंभाला हलकी लिपस्टिक आणि काजळ चालेल. फाउंडेशन घ्यायचे असेल, तर दुकानात ते हाताच्या पाठीवर लावून पाहू नका. जबड्याच्या कडेला लावा आणि उजेडात येऊन पाहा. जो रंग त्वचेत मिसळून दिसेनासा होतो, तो तुमचा रंग. दोन छटा गोरे फाउंडेशन घेतले, तर चेहरा आणि मान वेगवेगळ्या माणसांची वाटते! मुरूम येत असतील, तर वेष्टणावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' हा शब्द शोधा. छिद्रे बुजू नयेत अशा रीतीने ती वस्तू बनवली आहे, असा त्याचा अर्थ.

काजळ, लिपस्टिक आणि मेकअपचे ब्रश मैत्रिणींना देऊ नयेत व त्यांचे घेऊ नयेत. डोळ्यांचे आणि ओठांचे आजार यातून पसरतात. सुट्या विकल्या जाणाऱ्या काही सुरम्यांमध्ये शिसे आढळते. ते मेंदूला घातक असते, म्हणून असा सुरमा डोळ्यांत घालू नका, लहान भावंडांच्या डोळ्यांत तर मुळीच नको. मेहंदी पानांची असेल, तर तिचा रंग नारिंगी-तपकिरी येतो. लगेच गडद काळी रंगणारी 'काळी मेहंदी' टाळा. तिच्यात केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असते. त्याने हातावर फोड येऊ शकतात. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून दोन दिवस पाहावी. खाज किंवा लाली आली नाही, तरच चेहऱ्याला लावावी. आणि कितीही दमलात, तरी मेकअप धुतल्याशिवाय झोपू नका.

मुरूम मोठे आणि दुखरे असतील, डाग पडू लागले असतील किंवा आरशात पाहायचीच भीती वाटू लागली असेल, तर अम्मी-अब्बांना सांगा. सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभागात यावर उपचार होतात. गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

आणि आपाच्या लग्नाचे काय? त्या पुटकुळीला हात लावू नका. चेहरा धुवा, मॉइश्चरायझर लावा. आठ दिवसांत ती बहुधा बसेल. नाही बसली, तरी काय झाले? लग्नाला आलेले लोक तुमच्या नाकावरची पुटकुळी पाहायला आलेले नसतात. तुम्ही हसतमुखाने पाहुण्यांचे स्वागत केलेत, तर त्यांना तेच आठवेल.

'निगा राखणे' म्हणजे काळजी घेणे, लक्ष ठेवणे. हा मराठी 'निगा' आणि तुमचा 'निगाह' एकाच घरचे आहेत. चेहऱ्याची निगा राखा, म्हणजे त्याच्याकडे मायेच्या नजरेने पाहा. दोष शोधणाऱ्या नजरेने नव्हे.