बर्फाची शिल्पे आणि अनित्याचा धडा

फेब्रुवारीची ८ तारीख जवळ आली की भंडारा जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांची पावले पवनीकडे वळतात. पवनीजवळच्या रुयाड येथील महासमाधीभूमीवर धम्म महोत्सव भरतो. जपानचे भन्ते येतात, पांढऱ्या वस्त्रांतील उपासक-उपासिकांनी महास्तूपाचा परिसर फुलून जातो. आम्ही उभयतांनी हा दिवस सहसा चुकविला नाही. २०२४ साली मात्र चुकला, कारण त्या दिवशी आम्ही त्या भन्तेंच्याच देशात होतो.

मुलगी व जावई नोकरीनिमित्त जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, सापोरो शहरी राहतात. "बाबा, यंदा थंडीतच या, बर्फाचा उत्सव बघा," असा तिचा आग्रह. धानाच्या देशातली आम्ही माणसे. बर्फ पाहिला तो रसवंतीतला! तिथे रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसाहून उंच बर्फाचे ढीग. आमच्या हिला तर ते शेतातल्या पुंजण्यांसारखेच वाटले. अंगावर स्वेटरवर स्वेटर, पायांत गमबूट, आणि सात वर्षांचा नातू आम्हांला शिकवतोय, "आबा, पावले लहान टाका, नाहीतर पडाल!"

कचऱ्यातून उत्सव

शहराच्या मध्यभागी ओदोरी नावाचे सुमारे दीड किलोमीटर लांबीचे उद्यान आहे. उत्सवाचे मुख्य ठिकाण तेच. त्या वर्षी तो ४ ते ११ फेब्रुवारी असा होता. याचा आरंभ जाणून आम्हांला मोठा आनंद झाला. कुण्या राजाने वा धनिकाने हा उत्सव सुरू केलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान पार खचून गेला होता. रस्त्यांवरून उपसलेला बर्फ या उद्यानात आणून टाकीत. १९५० साली गावातल्या शाळकरी मुलांनी त्याच टाकाऊ बर्फाच्या सहा मूर्ती घडविल्या. लोक पाहावयास लोटले. आज जगभरातून लाखो माणसे येतात.

मोठी शिल्पे तर दुमजली-तिमजली घराएवढी. ती करतात कशी? शहराबाहेरून स्वच्छ बर्फ ट्रकांनी आणतात. आपल्याकडे स्लॅब टाकताना सेंट्रिंगच्या फळ्या लावतात, तशा फळ्या लावून आत बर्फ ठासून भरतात. तो घट्ट झाला की फळ्या काढतात आणि वरून खाली कोरत येतात. अजिंठ्याच्या कारागिरांनीही छताकडून खाली येतच लेणी कोरली होती. बारीक नक्षी जोडायची तर बर्फात पाणी कालवून चिखलासारखा लगदा करतात. १९५५ पासून जपानच्या संरक्षण दलाचे जवान या कामात हातभार लावतात. बंदूक धरणाऱ्या हातात फावडे पाहून बरे वाटले. २०१७ साली नारा येथील कोफुकुजी या बौद्ध विहाराची भव्य प्रतिकृती इथे बर्फात उभी राहिली होती. सुसुकिनो भागात काचेसारख्या पारदर्शक बर्फाच्या लाद्यांतून घडविलेली शिल्पे असतात. रात्री दिव्यांत ती झळाळतात.

नातवाचे अश्रू

समारोपाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, तर मोठमोठी यंत्रे त्या शिल्पांवर चालत होती! ऊन लागून ढासळली तर कुणाला इजा होईल, म्हणून ती पाडूनच टाकतात. नातू रडू लागला. "एवढी मेहनत केली, मग तोडतात कशाला?"

सब्बे संखारा अनिच्चा हे आपण विहारात नेहमीच म्हणतो. पण पुष्कळांना अनित्य म्हटले की उदासच वाटते. सगळे नष्टच व्हायचे तर करायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी याचा फार वेगळा अर्थ सांगितला आहे. सर्व काही अनित्य आहे म्हणूनच बदल शक्य आहे. बी बीच राहिले तर झाड कुठून येणार? जुनी शिल्पे हटली नाहीत तर पुढल्या वर्षी नवी कुठे उभी राहणार?

आम्हांला वडिलांची आठवण झाली. १९५४ साली भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले. ती गोष्ट निघाली की वडील गप्प होत. पण तो पराभवही अनित्यच ठरला! अवघ्या दोन वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, शेजारच्या नागपुरात लाखो लोक बुद्धाला शरण गेले.

मात्र एक फरक ध्यानी ठेवला पाहिजे. बर्फ उन्हाने वितळतो, अन्याय आपोआप वितळत नाही. सापोरो हे नावच मुळी ऐनू या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले. त्यांच्या जमिनी गेल्या, भाषा दडपली गेली. संरक्षणाच्या नावाखाली १८९९ साली त्यांच्यावर लादलेला कायदा रद्द व्हायला १९९७ साल उजाडले. मूळनिवासी म्हणून कायद्याने मान्यता मिळाली ती २०१९ साली. त्यासाठी ऐनूंच्या पिढ्यांना लढावे लागले. जातीचेही तसेच आहे. ती मानवनिर्मित आहे, म्हणून ती जाऊ शकते. पण ती घालविण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

एवढे सारे सात वर्षांच्या पोराला कसे सांगावे? आम्ही इतकेच म्हणालो, "बाळा, जागा मोकळी झाली. आता तू काय करशील?"

दुसऱ्या दिवशी घराबाहेर त्याने आईच्या फोनवर पवनीच्या महास्तूपाचा फोटो काढला आणि बर्फाचा स्तूप रचायला घेतला. भुसभुशीत बर्फ टिकेना, तेव्हा त्याने पाणी कालवून लगदा केला. गोल घुमट जमला, वरचे छत्र जमेना. ते तीनदा पडले, त्याने चौथ्यांदा लावले. त्या बर्फाच्या स्तूपापुढे आम्ही सर्वांनी हात जोडून त्रिशरण म्हटले.

आमच्या परतीच्या दिवशी त्या स्तूपाचा अर्धा भाग ढासळला होता. आम्हांला वाटले, पोर पुन्हा रडणार. पण तो म्हणाला, "आबा, पुढल्या वर्षी छत्र आधी पक्के करू!"